गाळलेली नऊ नावं

समिधाने निमेशचा फोन तिसऱ्या खेपेला उचलला. ते शेवटचं वाक्य तेवढं काढ, तो म्हणाला.

शुद्धलेखन तपासणारा एक मोफत मराठी प्रोग्राम दोघंही हौसेने सांभाळत. कुणीही यावं, चूक दुरुस्त करावी. नवी आवृत्ती निघाली की निवेदनात पहिल्यांदा काम केलेल्यांची नावं येत. बोईसरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या समिधाने चार वर्षांपूर्वी पहिली दुरुस्ती केली होती. 'किनाऱ्यावर' लिहिलं की प्रोग्राम बंद पडे. तीन आठवड्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या घालून तिने कारण शोधलं. निवेदन आलं त्या दिवशी चिंचणीला घरी तिच्या बापाने चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली आणि मोबाईल परत दिला. तिच्या कामापुढे निमेशचं नाव होतं. घाईत राहिलं, पुढच्या वेळी टाकू, असं त्याने कळवलं. पण पुढच्या वेळी माणूस नवा राहत नाही.

ती सोडून गेली नाही. वाट पाहत राहिली. यंदा निवेदन लिहायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने जुन्या नोंदी एकेक करून तपासल्या. असेच आणखी नऊ जण सापडले. नवीन निवेदनात तिने त्यांची नावं कामासकट घातली आणि खाली लिहिलं: 'ही नावं त्या वेळी गाळली गेली. तेव्हा निवेदनं निमेश लिहीत होते.' मसुदा आज सगळ्यांना गेला होता.

निमेशची पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत होती. तिथले लोक हे वाचणार होते.

"तुझं नाव सगळ्यात वर घाल," तो म्हणाला. "ते काम तुझंच होतं, मी सांगतो सगळ्यांना."

"यादी वाच. माझं नाव हाय काय त्यात?"

त्याने यादी खालपर्यंत वाचली. नऊ नावं होती, तिचं नव्हतं.

"सूड घेतलास तू, समिधा."

"घेतला. आता त्या वाक्यात खोटं काय हाय, ते सांग."

माझी मुलाखत आहे, तो म्हणाला. तिने फोन ठेवला आणि निवेदन प्रसिद्ध केलं. चारच्या सुमारास निमेशने प्रोग्रामच्या पानावरच्या सांभाळणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव काढून घेतलं. तिने ते पान दोनदा उघडून पाहिलं. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी नऊ जणांपैकी नवापूरच्या सपनाचा निरोप आला. आभार मानून तिने विचारलं होतं, ताई, तुमचं नाव पहिल्यांदा कुठल्या निवेदनात आलं?

समिधाने उत्तर लिहिलं, खोडलं. मग सपनाचं नाव बरोबर छापलंय ना, एवढंच विचारलं.