पोटातला अडकित्ता

२०१९ साली इंझोरीत माझ्यावर आळ आला, की मी घरधन्याचं मूत्रपिंड कातरलं.

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे. अंग पितळेचं, पातं आणि सांधा पोलादी. रिसोडच्या कारागिरानं मला घडवलं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात भागिरथाबाईंनी मला घेतलं. चाळीस वर्षं मी त्यांच्या कापडी चंचीत राहिलो. इतकी बारीक सुपारी कुणाच्याच घरी मिळत नाही, असं आल्यागेल्यानं म्हणावं आणि मी सुखावावं, असे ते दिवस होते.

त्यांचे यजमान उकंडराव यांचं यकृत जुन्या काविळीनं खराब झालं होतं. त्या साली त्यांची डावी कूस दुखू लागली, लघवी लाल होऊ लागली. वाशीमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. मी चंचीतून ऐकत होतो.

"डाव्या मूत्रपिंडातून रक्त परत आणणारी शीर दोन रक्तवाहिन्यांमध्ये चेपल्यासारखी दिसते. अडकित्त्यात सुपारी सापडते ना, तशी. यकृताच्या रोग्यांत हे क्वचितच आढळतं. मंगळवारी स्कॅनला या."

भागिरथाबाईंनी त्यातला एकच शब्द उचलला. घरी येताच मला गव्हाच्या कोठीमागे फेकलं.

"मीच कातरून देल्ली ना सुपारी! आता सुपारी बंद, म्हंजे दुखनं बंद, अन् दवाखानाबी बंद."

"चाळीस वर्स तुयी जीभ सोसली," उकंडराव म्हणाले, "अन् मले हा अडकित्ता मारते काय?" पण हसता हसता त्यांनी कूस दाबून धरली.

मंगळवार गेला. आणखी दोन गेले. कोठीमागे गंजत मी त्यांची पावलं ऐकत होतो. ती रोज जड होत होती.

मग रिसोडहून लेक मंजुषा आली. बापाचा पांढरा पडलेला चेहरा पाहून तिनं कागद वाचले आणि मला शोधून काढलं. एक ओली वात माझ्या जबड्यात धरून हलकेच दाबली. वरचं पाणी तिथंच अडलं आणि बाजूनं टपटप गळू लागलं.

"पाह्य आई, हे बाबाची शीर. अडकित्ता पोटात हाय, तुया चंचीत नाही. अडलेलं रगत लघवीत उतरून राह्यलं. तपासलं नाही तं जातच राहीन."

"मंग डॉक्टरनं त्याचं नाव कायले घेतलं?"

"तुले समजावं म्हणून!"

भागिरथाबाईंनी मला उचलून पुन्हा चंचीत ठेवलं. मग म्हणाल्या, "ऑटो बोलाव."

स्कॅनमध्ये तेच निघालं. यकृत नाजूक, म्हणून शस्त्रक्रिया टाळली. औषधं आणि ठरल्या तारखेला तपासणी सुरू झाली. उकंडराव आणखी चार वर्षं जगले. गेले ते यकृतानं. मूत्रपिंड शेवटपर्यंत शाबूत होतं. मंजुषा रिसोडच्या शाळेत शिकवते, आणि शरीराचा धडा आला की मुलांना ओली वात दाखवते. भागिरथाबाईंनी सुपारी सोडली, पण स्वतःसाठी दवाखान्यात जाताना मला अजून सोबत नेतात. डॉक्टरांचं बोलणं संपलं की चंचीवर हात ठेवून म्हणतात, "साहेब, मले पुन्हा एकदा सांगा."

मित्रांनो, तुम्हीही तसंच म्हणा. आणि जमलं तर मला थेंबभर तेल द्या. त्या तीन मंगळवारांचा गंज अजून माझ्या सांध्यात आहे.