तांबड्या भाजीचं स्वादुपिंड

डिचोलीतल्या लग्नाच्या हॉलच्या खिडक्यांना भर दुपारी काळा कागद चिकटवला होता. आत दीडशे माणसं आणि बंद पंखे. पेशींना वारा बाधतो म्हणे. पेशीबाबा बोट टोचायचे, रक्ताचा थेंब पेल्यातल्या ‘पेशीजला’त पाडायचे आणि वर जांभळा दिवा धरायचे. पाणी निळंशार उजळलं की हॉलभर सुस्कारा उठायचा. उजळला तो माणूस उजवीकडे, विझला तो डावीकडे.

“मूळपेशी म्हणजे आई,” बाबा सांगत होते. “ती लेकरांना सांगते, तू काळीज हो, तू किडनी हो. तुमच्या आया झोपल्यात. मी फक्त हाक मारतो.”

ही हाक जगातल्या एकाही डॉक्टरला कशी ऐकू गेली नाही, हे कुणी विचारलं नाही. त्या उकाड्यात घाम तेवढा सुचत होता.

विनोदिनी मांडीवर वही घेऊन बसली होती. वही नवऱ्याच्या साखरेची. रुद्रेश मोपा विमानतळावर टॅक्सी चालवायचा आणि चौदाव्या वर्षापासून इन्सुलिनवर जगायचा. गेल्या रविवारी तो बाबांना “बहिणीला विचारून सांगतो” म्हणाला आणि त्याचा पेला विझलेलाच राहिला. “सुईचं विष,” बाबा म्हणाले. “कमी करून ये.” त्याने सुई कमी केली. वहीतले आकडे आठवडाभर चढत होते: एकशे ऐंशी, दोनशे चाळीस, तीनशे दहा. आज पेला उजळला तर सुई कायमची बंद, असं तो सकाळी देवापुढे बोलून आला होता.  विनोदिनीचं पेन चालूच होतं.

वहीच्या मागच्या पानावर तिची वेगळी नोंद होती. “डॉक्टरला विचारतो” म्हणणाऱ्याच्या पेल्यात बाबा चिमूटभर भस्म टाकत. तो पेला विझलेला. “आजच औषध सोडतो” म्हणणाऱ्याला भस्म नाही, तो निळा. गेल्या रविवारचे सदतीस पेले, चूक एकही नाही. खऱ्या पेशी इतक्या शिस्तीच्या असतात का, हे तिने काल फोनवर नणंदेलाच विचारलं होतं. अश्विनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशी निवडायच्या यंत्रावर काम करायची. विनोदिनीचा फोन गेला तशी ती रात्रीच्या बसने आली होती आणि आता हॉलच्या मागच्या रांगेत बसली होती. आज सकाळी स्वयंपाकघरात दोघी तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, निवडत बसल्या होत्या.

“पेशी अशा आपणहून लखलखत नाहीत गो, वयनी. चमकणारा रंग आम्ही लावतो, तोही ठरावीक पेशीलाच चिकटेल असा. मग एकेका थेंबात एकेक पेशी घालून लेझरसमोरून सोडायची. चमकली तर थेंबाला विजेचा भार देऊन एका नळीत ओढायचा, नाही तर दुसऱ्या. आपण पानं आणि देठ वेगळे करतोय ना, तसंच. फक्त सेकंदाला हजारो. त्यावरून कळतं, मूळपेशीपासून निघालेली कुठली पेशी काय व्हायला निघालीय आणि कुठवर पोचलीय.”

“आणि यंत्रच फसवत असलं तर?”

“म्हणून आधी कोरी नळी लावायची. रंग न लावलेल्या पेशींची. ती चमकली तर बाकीचं सगळं खोटं.”

विनोदिनीने आपल्या लालभडक बोटांकडे पाहिलं. “मग ह्या बाबाची कोरी नळी कोणी लावली?”

हॉलमध्ये आता रुद्रेशचं नाव पुकारलं गेलं आणि त्याच्याआधी तीच उठली.

“बाबा, आधी सासूबाईंचं बघा. विमलाबाई. त्यांनाही साखर. जिना चढवत नाही, म्हणून थेंब घरून आणलाय.” तिने इवलीशी बाटली पुढे केली.

“गोळ्या?”

“आजपासून बंद.”

थेंब पडला. भस्म पडलं नाही. दिवा आला आणि पेला निळाशार झाला.

“विमलामाउलीच्या स्वादुपिंडाला अंकुर फुटला,” बाबा म्हणाले.

रुद्रेशचे डोळे भरून आले. त्याने स्वतःचं बोट पुढे केलं. विनोदिनीने ते मुठीत धरलं.

“बाबा, तो थेंब तांबड्या भाजीचा. सकाळीच परसातली उपटली.”

 डावीकडच्या, विझलेल्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं.

“भाजीतही पेशी असतात,” बाबा म्हणाले.

“असतात,” अश्विनी मागून पुढे येत म्हणाली. “स्वादुपिंड नसतं.”

डावीकडचा शांताराम उठला. मांद्र्याच्या एका बारमध्ये तो काउंटर सांभाळायचा. त्याने भाजीच्या त्या पेल्यात बोट बुडवून चाटलं. “कडू. अरे, हें टॉनिक वॉटर, जिनांत घालतात तें. हांव दिसाक पन्नास बाटल्यो फोडतां.” मग भस्माची चिमूट जिभेवर ठेवली. “आनी हें मीठ.”

वहिनीचं फोनवरचं वर्णन ऐकूनच आणलेली टॉनिकची बाटली अश्विनीने पिशवीतून काढली आणि दोन कोऱ्या पेल्यांत ओतली. रक्त नाही, भाजी नाही. बाबांचाच दिवा धरला. दोन्ही निळे. एकात हॉलच्या स्वयंपाकघरातलं मीठ टाकून ढवळलं. तो विझला.

“टॉनिकमधलं क्विनीन ह्या दिव्याखाली चमकतं. मिठातलं क्लोराइड ती चमक मारतं. तुमच्या रक्ताशी ह्याचा काही संबंध नाही.”

कोणीतरी खिडकीचा कागद टराटरा फाडला. पेशीबाबांना बहुधा वारा बाधला. ते मागच्या दाराने गेले.

रुद्रेश टॅक्सीत बसला, पण चावी फिरवेना. विनोदिनीने त्याचं बोट टोचलं. तीनशे चाळीस.

“हसलीस असशील मनात.”

“हसायला सवड कुठं होती?”

तो मागच्या सीटवरच्या बहिणीकडे वळला. “अशू, खरं सांग. तुझ्या त्या यंत्रातून माझ्यासाठी कायतरी येईल मगे?”

“येईलही. जगभर लोक राबतायत त्यावर. कधी, ते मला ठाऊक नाही, दादा. ज्याला तारीख ठाऊक असेल, त्याच्यापासून लांब राहा.”

हे उत्तर त्याला आवडलं नाही. खरी उत्तरं पुष्कळदा आवडत नाहीत, आणि खोट्याचा धंदा तेवढ्यावरच चालतो. बरं व्हावंसं वाटण्यात लाज कसली? हात जोडण्याआधी एवढंच म्हणावं, महाराज, कोरा पेला दाखवा. जो दाखवील त्याचं पुढे ऐकावं. जो चिडेल त्याचं तिथेच संपलं.

विनोदिनीने थर्मासातून इन्सुलिनचं पेन काढलं. रुद्रेशने ते हातात घेतलं. मग पोटावरचा सदरा वर केला.