टोल रोड टायगर्सचा नवा कोच

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या टोल रोड टायगर्सना सहा वर्षांत एकदाही पहिल्या फेरीच्या पुढे जाता आलं नव्हतं, आणि सत्यजितच्या मते त्याचं कारण त्यांचा खेळ नव्हताच. कारण होतं त्यांची भीड. अकरा माणसं, अकराही इंजिनिअर, दिवसभर गोऱ्या साहेबांशी कॉलवर हुज्जत घालणारे, पण आपल्यातल्या कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची वेळ आली की सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटत. ‘बघू’, ‘काहीतरी करू’, ‘होऊन जाईल’ या तीन शब्दांवर ही टीम सहा वर्षं चालली होती. चालली कसली, लंगडत होती.

खेळ अमेरिकन फुटबॉलच, पण अंगावर धडकायचं नाही. एकानं चेंडू लांब फेकायचा, पुढे पळालेल्यानं तो पकडायचा; सगळ्यांनी कमरेला फिती लावायच्या, आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत कुणी ओढली की डाव तिथंच थांबतो. टीव्हीवरच्या मोठ्या टीमना सगळ्या खेळाडूंच्या पगारांची मिळून एक मर्यादा असते, म्हणून दरवर्षी सीझन संपला की चांगल्या चांगल्या माणसांना नारळ द्यावा लागतो. हर्नडनच्या हौशी लीगमध्ये पगार कुणालाच नव्हता, मर्यादा मात्र होती. प्रत्येकाला त्याच्या खेळाचे पॉइंट मिळायचे आणि लीगमध्ये काढलेल्या प्रत्येक वर्षाचा एक जादा. सगळ्या टीमचे मिळून साठच्या वर जाता कामा नये. जुन्या टीमनी तीच ती माणसं घेऊन कायम जिंकत राहू नये, म्हणून कुणा शहाण्यानं काढलेला हा नियम. टायगर्स कधी जिंकलेच नव्हते, पण जुनं होण्याचा दंड त्यांनाही चुकला नाही.

२००७च्या मार्चमध्ये टायगर्सची बेरीज त्र्याहत्तर आली. तेरा जास्त. शुक्रवारपर्यंत लीगकडे खेळाडूंची यादी द्यायची होती.

सत्यजित कॅप्टन. सहा वर्षं चेंडू फेकण्याचं काम त्याचं, आणि कोच ठेवलेला नसल्यामुळे यादीवर सहीही त्याचीच. त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तो बायकोला, रुचाला, दर मार्चमध्ये सांगायचा: एकदा, फक्त एकदा, ट्रॉफी उचलायची, आणि तीही आपल्या अंगावर टायगर्सची जर्सी असताना. यंदा ते जमण्यासारखं होतं, कारण टीममध्ये ऋषी होता. नागपूरचा, सव्वीस वर्षांचा, पळायला लागला की त्याची फीत ओढणारा माणूस गवत ओढत बसायचा. गेल्या वर्षीच्या शेवटच्या मॅचमध्ये ऋषी पार टोकाला एकटा उभा होता, आणि सत्यजितनं फेकलेला चेंडू अर्ध्या वाटेत पडला. वारा उलटा होता, असं सत्यजितचं म्हणणं. मैदानावर बाकी कुणाला वारा जाणवला नव्हता.

रविवारी दुपारी त्याच्या टाउनहाउसमध्ये मीटिंग झाली. तेरा पॉइंट कसे कमी करायचे, हा एकच विषय. दोन तासांत नवीन जर्सीचा रंग ठरला, कुणाचे आईवडील जूनमध्ये येणार ते कळलं, आणि व्हिसाच्या स्टँपिंगला कॅनडात जावं की मेक्सिकोत यावर कडाक्याचा वाद झाला. रुचानं तीनदा चहा केला. शेवटी सत्यजितनं विषय काढला तेव्हा सगळे कार्पेटकडे बघायला लागले. कारण प्रत्येकाच्या मनात जे नाव होतं, तो माणूस समोरच सोफ्यावर बसून शंकरपाळे खात होता.

शशिकांतकाका चौपन्न वर्षांचे. टीमचे संस्थापक. सहा वर्षांचे सहा आणि खेळाचा कसाबसा एक, असे सात पॉइंट अडवून बसलेले. काका पळत नसत, भरभर चालत. पण टायगर्समधल्या निम्म्या मुलांना अमेरिकेतल्या पहिल्या दिवशी विमानतळावरून त्यांनीच घरी आणलं होतं. सत्यजित तर त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन महिने राहिला होता. शिवाय दर मॅचला शोभनाकाकू कूलर भरून बटाटेवडे पाठवायच्या. हा मुद्दा कुणी बोललं नाही, पण तोही वजनदार होता.

“निघेल काहीतरी मार्ग,” काका म्हणाले, आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं माना डोलावल्या.

गाडीकडे जाताना ऋषीनं सत्यजितला गाठलं. “दादा, मला शेजारच्या रेस्टनच्या टीमनं विचारलंय. शुक्रवारी सांगतो म्हटलंय त्यांना. मला जायचं नाहीये यार, पण आपली यादीच लागली नाही तर मी वर्षभर काय करू?”

सत्यजितनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी त्यानं पुन्हा आकडे मांडले. काकांचे सात. निमिषचे सहा. बरोबर तेरा, जणू देवानंच जुळवून दिलेले. निमिष म्हणजे त्याचा कारपूलमधला जोडीदार. चार वर्षं दोघं एकाच गाडीतून ऑफिसला जात होते, एक दिवस याची गाडी, एक दिवस त्याची. निमिषचा खेळ बरा होता, पण नुसताच बरा. त्याला काढणं आकड्यांच्या दृष्टीनं सोपं होतं. सांगायचं कुणी आणि सांगून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी पाऊण तास बसायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

आणि मग त्याला युक्ती सुचली. युक्ती अशी की तो स्वतःवरच खूश झाला.

बुधवारी तो काकांकडे गेला. शोभनाकाकूंनी आल्या आल्या पान वाढलं, त्यामुळे अडचण वाढली. भरल्या वांग्याचा घास तोंडात असताना माणसाला घरातून, म्हणजे टीममधून, कसं काढणार? सत्यजितनं आधी हवेची चौकशी केली, मग काकांच्या गुडघ्याची, मग गॅरेजच्या दाराची. दार नीट उघडत होतं. त्यावरही तो पाच मिनिटं बोलला.

“काका, खरं सांगू का,” तो शेवटी म्हणाला, “तुमच्या अनुभवाचा आपण वापरच करून घेतला नाही. तुम्ही पंचवीस वर्षं हा गेम बघताय. आपल्याला कोचची गरज आहे. कोच म्हणजे कसं, सगळ्यांच्या वर.”

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “म्हणजे मी खेळायचं नाही.”

“तसं नाही काका. म्हणजे बाहेरून खेळायचं.”

“बाहेरून,” काका म्हणाले. काकू भाताचं पातेलं घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. काकांनी थोडा वेळ सत्यजितकडे बघितलं. सत्यजितनं वांग्याकडे.

“कोचचे पॉइंट मोजतात?”

“नाही. तोच तर फायदा आहे. यादीपण कोचच फायनल करतो, सही त्याचीच.” आता गाडी रुळावर आल्यासारखं वाटून सत्यजितला जोर चढला. “अजून सहा कमी करायला लागतील. ते आता तुम्हीच ठरवा. मला वाटतं निमिष... पण तुम्ही बघा. तुमचं ऐकतो तो. तुम्ही सांगितलंत तर त्याला वाईट वाटणार नाही.”

काकांनी भात कालवला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण एकदा कोच केलंस की कोच मी. मग मध्ये बोलायचं नाही.”

“अजिबात नाही काका. तुमचा शब्द शेवटचा.”

“मग वडे तेवढेच करायचे ना?” काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, पण सत्यजितनं ते ऐकायचं टाळलं. टाळण्यात त्याचा हात धरणारा हर्नडनमध्ये कुणी नव्हता.

घरी येऊन त्यानं रुचाला सगळं रंगवून सांगितलं. रुचा कपड्यांच्या घड्या घालत होती.

“म्हणजे काकांना काढलंस,” ती म्हणाली, “आणि निमिषला काढायचं काम त्यांच्याच गळ्यात घातलंस.”

“काढलं काय, प्रमोशन दिलं.”

“तू ऑफिसात मॅनेजर झाल्यापासून असाच बोलतोस. ऐकायला नको वाटतं.”

गुरुवारी निमिषची गाडी होती. सत्यजित जीव मुठीत धरून बसला, पण निमिष आपला फर्नेसच्या दुरुस्तीबद्दल बोलत होता. शुक्रवारी सत्यजितची गाडी, तरी तेच. फर्नेसवाला दोनदा येऊन गेला होता आणि घर अजून गार होतं. सत्यजित मनातून चरफडला. काकांनी याला अजून सांगितलं नाही की काय? एक साधं काम दिलं होतं. या लोकांना एक गोष्ट सरळ सांगता येत नाही. संध्याकाळी त्यानं काकांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा काकूंनी उचलला आणि काका यादी द्यायला गेल्याचं सांगितलं.

शनिवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर बोचरं वारं सुटलं होतं. सत्यजित निमिषच्याच गाडीतून आला. निमिष मजेत होता, कमरेला फिती लावून उड्या मारत होता, आणि ते बघून सत्यजितला त्याची दयाही येत होती आणि काकांचा रागही. काका गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. त्यांनी ऋषीला मध्ये उभं केलं आणि चेंडू त्याच्या हातात दिला.

“फेक,” ते म्हणाले. ऋषीनं फेकला. चेंडू सरळ वारा कापत पार टोकाला गेला, आणि तिथं पळत पोचलेल्या निमिषनं तो छातीशी पकडला. सगळे ओरडले. सत्यजितही ओरडला, मग मध्येच थांबला.

काकांनी त्याला बाकाकडे बोलावलं. त्यांच्या आवाजात ना हवा आली, ना गुडघा, ना गॅरेजचं दार.

“सत्यजित, यादीत तुझं नाव नाही. मी तुला काढलंय.”

सत्यजितला आधी वाटलं, गंमत करतायत. “काका, निमिषचे सहा...”

“तुझे दहा. चार खेळाचे, सहा वर्षांचे. तू सगळ्यांचे पॉइंट मांडलेस, पण कुणाला काढायचं ते ठरवताना स्वतःचे कधी धरलेसच नाहीत. खांदा गेलाय तुझा. मागच्या वर्षी वारा नव्हता. ऋषी फेकेल, निमिष पळेल, आणि जे चार उरतात त्यात एक नवा मुलगा घेतलाय. ही टीम जिंकेल.”

सत्यजितची कानशिलं तापली. या माणसाच्या बेसमेंटमध्ये आपण राहिलो, याला कोच आपणच केलं, सहीचा अधिकार आपणच दिला. त्याला संताप आला, आणि त्याहून जास्त संताप याचा आला की आकडे खरे होते. “मला एक फोन तरी करायचा होतात,” तो म्हणाला.

“समोर उभं राहून सांगायचं होतं. तू बुधवारी दारात बूट काढत होतास तेव्हाच मला कळलं होतं तू कशाला आलायस. ‘काका, तुम्ही आता थांबा’ म्हणाला असतास तर मी थांबलो असतो रे. दोन दिवस वाईट वाटलं असतं, एवढंच. त्याऐवजी माझ्याच घरी, माझ्या बायकोसमोर मला लहान मुलासारखं फसवत बसलास.” शिट्टीची दोरी काकांनी बोटाला गुंडाळली. “तुला असिस्टंट कोच करतो असं मला म्हणता आलं असतं. तुझ्या अनुभवाचा उपयोग होईल वगैरे. तसं म्हणालो नाही. ते ऐकताना कसं वाटतं ते मला माहीत आहे.”

ते वळून मैदानात गेले, भरभर चालत.

सत्यजित प्रॅक्टिस संपेपर्यंत बाकावर बसला. घरी जावं तर गाडी निमिषची. ऋषीनं अकरा वेळा फेकला की बारा, त्यानं मोजलं नाही, पण एकदाही अर्ध्या वाटेत पडला नाही. टीम चांगली दिसत होती. सहा वर्षांत इतकी चांगली कधीच दिसली नव्हती, आणि हे आपल्याला दिसतंय याचंच त्याला रडू येत होतं.

परतीच्या वाटेवर निमिषनं हीटर लावला.

“कुणाला काढलं?” निमिषनं विचारलं. “काका कुणाला सांगायला तयार नाहीत. म्हणाले, ज्याचं आहे त्याला आधी सांगतो. मला वाटलं होतं मलाच काढणार.”

“तुला कसं माहीत?”

“माझे सहा, काकांचे सात. मलापण बेरीज येते यार. रविवारपासून वाट बघतोय तू कधी बोलतोस. गुरुवारी, शुक्रवारी. विषय तरी किती काढणार, फर्नेस मंगळवारीच नीट झाला होता.”

सत्यजित खिडकीबाहेर बघत राहिला. पलीकडच्या टोल रोडवरून गाड्या वेगानं जात होत्या. काय सांगावं ते त्याच्या जिभेवर तयारच होतं: अजून नक्की नाही, काका बघतायत, काहीतरी होईल.

“मला काढलं,” तो म्हणाला.

निमिषनं मान हलवली. सॉरी म्हणाला नाही, समजूतही घातली नाही. सिग्नल हिरवा झाला तरी त्यानं गाडी जरा उशिरानंच काढली.

“मग पुढच्या शनिवारी तुला घ्यायला येऊ की नको?”

बघू, असं सत्यजितच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“ये,” तो म्हणाला. “साडेआठला ये.”