पावणं गेलं

सोमवारी पहाटे पावणेसहाला धैर्यशीलचा फोन आला तेव्हा चिमणाबाई एसटीसाठी पिशवी भरत होती. वारणानगरला लेकीकडं नात तापानं फणफणली होती, जावई बाहेरगावी आणि लेक स्वप्नालीला डेअरीतनं रजा नाही. बरं, सोमवारी शाहूपुरीचा बाजार बंद, म्हणजे तिची पिठाची गिरणीही बंद. जायला हरकत नव्हती.

"मावशी, बाबा गेले. साडेचारला."

चिमणाबाई तिथंच ज्वारीच्या डब्यावर बसली. पावणं गेलं. आठ दिवसांपूर्वी दवाखान्यात जाताना त्यांनी तिला बजावलं होतं, "वैनी, कुणाला सांगू नगासा. पोराकडं पुण्याला गेलोय म्हणा. उगंच सगळी गल्ली डबं घिऊन तिकडं येती." तिनं तसंच सांगितलं होतं. आता हे.

"फळ्यावर लिहाल ना?" धैर्यशील म्हणाला.

"लिवतो की. ते काय सांगायचं?"

"दवाखान्यातनं परस्पर पंचगंगेला नेतोय. अकरा वाजता. आणि एक करा मावशी, नाव नीट लिहा. गणपतराव भैरू कोलेकर. ते पावणं-बिवणं नको."

"अरं, पण कळाय नको का लोकास्नी?"

"मावशी," तो म्हणाला, "आज तरी त्यांचं नाव लिहा."

अशा सकाळी बाप गेलेल्या पोराशी कोण वाद घालणार?

फळा म्हणजे काय, तर गिरणीच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक चौकोन. गल्लीत कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, पाणी कधी येणार नाही, सगळं त्याच्यावर. आधी तालमीतली पोरं लिहायची. पुढं तालमीची जिम झाली, पोरांना आरशासमोरनं हलायला सवड मिळेना, तेव्हा खडू चिमणाबाईच्या हातात आला. शाळा तिची सहावीपर्यंतच. पण फळा लिहून लिहून अक्षर असं वळलं, की एका मास्तरांनी स्वतःच्या आईची बातमी तिच्याकडनंच लिहून घेतली होती.

बातमी आणायचे पावणं, लिहायची ती. आणि पावण्यांचा एक नियम होता. "वैनी, खरं नाव लिवू नगासा. खऱ्या नावानं हितं कोण कुणाला वळकतंय? 'सायकलवालं बापू' लिवा. धा मिन्टात गल्ली गोळा हुती." व्हायचीही.

हा नियम चिमणाबाईला त्या दिवशी आठवला नाही असं नाही. आठवला. पण तिनं खडू ओला केला आणि लिहिलं : 'दुःखद निधन. येथील रहिवासी गणपतराव भैरू कोलेकर. अंत्यविधी सकाळी ११ वा., पंचगंगा स्मशानभूमी.' लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून वाचलं, तर कुणीतरी परकाच माणूस गेल्यासारखं वाटलं. हे नाव तिनं मतदारयादीत एकदा पाहिलं होतं तेवढंच.

पावण्यांच्या दोस्ताला, आण्णाला तरी सांगावं म्हणून फोन लावला. पण आण्णाचा फोन त्याच्या सुनेच्या ताब्यात असतो आणि सून तो मुका करून ठेवते. सातची गाडी चुकवून चालणार नव्हती. फळा हाय की, असं म्हणून ती निघाली.

पावणं हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे, हे सांगायला नको. चाळीस-एक वर्षांपूर्वी नेसरीहून ते एका मित्राच्या लग्नाला ह्या गल्लीत आले. वरातीत नाचून नाचून परतीची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी गल्लीत एक म्हातारी वारली आणि तिची तिरडी बांधायला जाणतं माणूस मिळेना. हा पाहुणा पुढं झाला. म्हणाला, "सुतळी आणा, मी बांधतो." बांधली ती अशी, की म्हाताऱ्या माणसांनी गाठी बघून माना डोलावल्या. नंतर मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर तोलाऱ्याची नोकरी लागली. लग्न झालं, पोरगं झालं, राहती चाळ पाडून अपार्टमेंट झालं, त्यातच चौथ्या मजल्यावर पोरानं फ्लॅट घेतला. नाव मात्र पावणंच राहिलं.

आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या तिरड्या पावण्यांनीच बांधल्या. चिमणाबाईच्या नवऱ्याची त्यांनीच, आण्णाच्या भावाची त्यांनीच. स्वतःच्या बायकोची बांधायला बसले तेव्हा लोक म्हणाले, "पावणं, आज तुमी ऱ्हावा." तर म्हणाले, "का? तिची ढिली बांधायची व्हय?"

दुपारी नात झोपल्यावर चिमणाबाईनं मोबाईल उघडला. तालीम मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी फळ्याचा फोटो टाकला होता. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग आणि हात जोडलेली चित्रं. तिनं मोजली, बासष्ट. तिचा जीव भांड्यात पडला. गल्ली गेली म्हणायची. तिनं डोळे पुसले आणि लेकीच्या घरची भांडी घासायला घेतली.

साडेपाचला ती परत आली तर आण्णा फळ्यासमोर उभा. आण्णा म्हणजे पंच्याहत्तरीचा जुना पैलवान, पावण्यांचा रोजचा चहाचा सोबती.

"चिमणाबाई, ह्यो गणपतराव कोण ओ?"

तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"हितला रहिवासी म्हणून लिवलंयसा. मला तर काय आठवंना. नव्या अपार्टमेंटातला असंल. पावणं आलं म्हंजे इचाराय पायजे. त्याला बरोबर म्हाईत असतंय."

आण्णानं फळ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग परत फळ्याकडं. नेसरीकडचं आडनाव, पुण्याला गेलेला माणूस आठ दिवस झाले तरी फोन करत नाही... म्हातारा हळूहळू गिरणीच्या पायरीवर बसला.

"तुमी गेलताच की न्हाई?" तिनं विचारलं. विचारायचं म्हणून.

"कुठं जातोय? सकाळपास्नं हितंच हाय की मी. दोनदा वाचला फळा." थोड्या वेळानं म्हणाला, "सुनंनं माज्या नावानं हात जोडल्यालं टाकलं ओ."

ती पिशवी तशीच घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. धैर्यशील डोकं भादरून खुर्चीत बसला होता. बायको आत कुणाशी तरी फोनवर बोलत होती. चिमणाबाईनं विचारायच्या आधीच तो म्हणाला, "सात."

"काय सात?"

"माणसं. मी, माझा मेव्हणा, नेसरीचे दोन चुलत भाऊ, खालचा वॉचमन, ऑफिसचा एक मित्र. आणि शववाहिकेचा ड्रायव्हर. त्यानं आपणहून खांदा दिला. मला म्हणाला, साहेब, तुमची माणसं यायची आहेत का अजून, थांबू का? मी वीस मिनिटं थांबवला त्याला."

"धैर्या, कुणाला कळलंच न्हाई रं. गणपतराव म्हंजे कोण, ह्येच..."

"तेच म्हणतोय मी." आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं, मावशी. लोकांच्या मयताला रात्री-अपरात्री धावले. आणि ह्या गल्लीनं त्यांना पाहुणाच ठेवला. शाळेत मला काय म्हणायचे माहीताय? पावण्याचं. मास्तर हजेरीला म्हणायचे, पावण्याचं आलंय का? मी ठरवलेलं, निदान ह्या दिवशी तरी माणूस नावानं जाऊ दे."

चिमणाबाईला म्हणायचं होतं की अरे, ते मायेनं होतं. पण माया आपली आणि काटा त्याचा, हे तिला तिथं बसल्या बसल्या पहिल्यांदाच कळत होतं. तेव्हा तिनं दुसरंच विचारलं.

"रक्षाविसर्जन कवा?"

"उद्या आठला. लगेच उरकतोय. मला परत जायचंय."

"फळ्यावर लिवू?"

"लिहा, नाहीतर नका लिहू."

"पावणं म्हणून लिवतो."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. खाली कोपऱ्यावर नवं कॅफे झालंय, तिथल्या दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. "काहीही लिहा," तो म्हणाला.

तिनं सकाळचं पुसलं. ओल्या फडक्यानं गणपतराव पुसताना हात अडला, पण पुसलं. आणि ठळक लिहिलं : 'आपले पावणं गेले. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी ८ वा.' ती मागं सरते तोवर अपार्टमेंटातली राजनंदिनी कुत्र्याला फिरवत आली. चांगली पोरगी आहे, बँकेत आहे, दर रविवारी मल्टिग्रेन का काय ते दळून नेते. तिनं वाचलं आणि हसून विचारलं, "काकू, कुणाकडचे पाहुणे गेले? फळ्यावर लिहिण्यासारखे?"

"तुमच्याच जिन्यातलं ओ. चौथ्या मजल्यावरचं."

पोरीचं हसू जिथल्या तिथं थांबलं. "ते आजोबा? लिफ्टमध्ये मला रोज विचारायचे, जेवलीस का म्हणून." मग ओशाळून म्हणाली, "मी नाव कधी विचारलं नाही त्यांना."

म्हणजे एका नावानं अर्धी गल्ली आली नाही आणि दुसऱ्या नावानं उरलेली अर्धी येणार नाही. चिमणाबाईनं खडू कमरेला खोचला आणि चालायला लागली. फळ्यावर भरवसा ठेवायचे दिवस सरले होते. ती दारोदार गेली. बैठ्या घरांत काम सोपं होतं. उंबऱ्यावरनं हाक मारायची, "पावणं गेलं," की आतनं आधी भांडं पडल्याचा आवाज आणि मग माणूस. विठाबाईनं तर तिला धरूनच ठेवलं आणि वर शिव्या घातल्या, "तू आजच वारणेला कशाला उलथलीस गं?" त्या शिव्या तिनं खाली मान घालून घेतल्या, कारण त्या तिच्याच होत्या. अपार्टमेंटांच्या दारात मात्र वही होती. कुणाकडं, कशासाठी, सही. 'कशासाठी'च्या रकान्यात काय लिहायचं? तिनं लिहिलं, 'सांगायला.' सोळा फ्लॅटांपैकी पाच उघडले. एकीनं आत बोलावून पाणी दिलं. एकानं दाराच्या फटीतनं वर्गणी केवढी, असं विचारलं.

मंगळवारी सकाळी पंचगंगेवर धुकं होतं. धैर्यशील, मेव्हणा आणि चुलत भाऊ रक्षेपाशी उभे होते. आठ वाजले, सव्वाआठ झाले. मग रिक्षा यायला लागल्या. आण्णा, विठाबाई, तिच्या दोघी जावा. गल्लीतल्या बँडवाल्यांचा थोरला. गुळाच्या अडतीवरचे तीन म्हातारे हमाल, धुतलेली टोपी घालून. जिममधली पाच-सहा पोरं, दंड कुठं लपवावेत ते कळत नसल्यासारखी. राजनंदिनी ऑफिसच्या कपड्यांत. सगळी मिळून चाळीसच्या घरात माणसं झाली. काल आली असती तर खांद्याला खांदा बदलत नदीपर्यंत नेलं असतं. आज न्यायला काही उरलं नव्हतं. सगळे राखेभोवती हात बांधून उभे, आणि पुढं काय करायचं, पाणी कुणी, फुलं कुणी, नैवेद्य कुठल्या अंगाला, हे सांगणारा एकच माणूस होता, तर तो समोर राख होऊन पडला होता. तिथल्या कामगारानंच शेवटी सांगितलं.

मग एकेक जण धैर्यशीलपाशी जायला लागला. पावण्यांनी आमच्या आईचं सगळं केलं. पावण्यांच्या गाठीला तोड न्हाई. पावणं म्हंजे गल्लीचा आधार.

धैर्यशीलनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग आण्णाला विचारलं, "आण्णा, त्यांचं नाव काय होतं?"

आण्णानं बँडवाल्याकडं बघितलं. बँडवाल्यानं हमालांकडं. जिममधलं एक पोरगं मोबाईल काढायला लागलं, दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

"काल फळ्यावर हुतं की," विठाबाई बारीक आवाजात म्हणाली.

"गणपतराव," चिमणाबाई म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडात ते नाव आलं, आणि नव्या डबड्याचं झाकण धड बसू नये तसं अर्धवट बसलं. "गणपतराव भैरू कोलेकर."

आण्णा वाकला. गुडघे दुखतात त्याचे, पण पार खाली वाकला. राखेपुढं हात जोडून म्हणाला, "गणपतराव, चुकलं आमचं." जरा थांबला. ते काही त्याच्या मनाला पोचलं नसावं, कारण मग नुसतंच म्हणाला, "पावणं." आणि त्याला उठवायला दोघं लागले.

माणसं पांगली. नळावर हात धुवायला रांग लागली, तिथं धैर्यशील चिमणाबाईच्या मागं येऊन उभा राहिला. "मावशी, खरं सांगा. त्यांना आवडायचं का ते? पावणं म्हटलेलं?"

हो म्हणणं काही अवघड नव्हतं. पोरगं उद्या पुण्याला जाणार, पुढं इकडं कशाला येतंय, तेवढंच समाधान घेऊन गेलं असतं. रोज संध्याकाळी गिरणीच्या पायरीवर बसणारे पावणं तिच्या डोळ्यांपुढं आले. कुणी हाक मारली की ओ द्यायचे, हसायचे. पण ओ तर माणूस कुठल्याही हाकेला देतो.

"म्हाईत न्हाई रं," ती म्हणाली. "कवा इचारलंच न्हाई."

त्यानं मान हलवली. रांग पुढं सरकली तशी त्यानं तिला आधी नळाशी जाऊ दिलं.