शिवलेल्या वहीचं पान

मी मंगला कडू. तीस वर्षं आमच्या इतवारा भागातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. पोरं पाठीमागे म्हणायची, मॅडमचं आडनाव बरोबर लागलंय. म्हणू देत. मी फटकळ आहे, पण दिलेला शब्द पाळते, असा माझा तोरा होता. तो आता जिरला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळात दरवर्षी तेच, प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या. यंदा मी हट्टाला पेटले. वाण म्हणून प्रत्येकीला फ्रिजवर लावायचं स्टिकर दिलं, त्यावर मुलांच्या मदतीचा नंबर, १०९८. बायकांनी नाकं मुरडली. "मॅडम, हे कुठे चिकटवायचं? पाहुणे काय म्हणतील?"

"कपाळावर चिकटवा," मी म्हटलं.

बाहेर तिळगूळ चालू असताना आतल्या खोलीत मी आसपासच्या घरांतल्या मुलांना घेऊन बसले. कोणी नकोसा हात लावला तर ओरडायचं, सांगायचं, सगळं समजावलं. मग मधोमध बुटाचं खोकं ठेवलं. "मनातलं लिहा. नाव नको. मी सोडून कोणी वाचणार नाही, देवाशपथ."

दाराजवळ बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीने हळूच विचारलं, "खरंच तुम्हीच वाचणार ना?"

"हो गं बाई, मीच."

कागद कमी पडले. मी म्हटलं, आपापल्या वहीतलं पान फाडा.

संध्याकाळी खोकं उघडलं. बाबा गेम खेळू देत नाहीत, ताई चिमटे काढते, असलंच सगळं. हसत हसत वाचत होते. एका चिठ्ठीवर मात्र थांबले. 'आई ड्युटीवर गेली की काका दार लावतात. मला घाण वाटतं. आईला सांगितलं तर म्हणाली असं बोलायचं नाही.'

बावीस मुलं होती. कोणाची चिठ्ठी? शाळेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, या पोरांची अक्षरं मला कुठली ओळखू येणार!

मंडळाचं इन्स्टाचं पेज माझी पुतणी तेजस्विनी बघते. ती म्हणाली, "काकी, याचा रील बनवते. जी कोण असेल तिला समजेल, आपण ऐकलं. ती खुद येईल सांगायला."

"अगं, कोणाला दाखवणार नाही म्हटलंय मी."

"नाव कुठे आहे त्यात? किसको पता चलेगा?"

चष्मा लावून मी चिठ्ठी दोनदा पाहिली. नाव नव्हतं. "टाक," म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्याही झाल्या. आपल्या मंडळाने काहीतरी केलं हे लोकांना दिसेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ हजार लोकांनी पाहिलं. 'मॅडम, सलाम' असे मेसेज येत राहिले. ती मुलगी काही आली नाही.

मंगळवारी सकाळी अकराला सुमित्रा आली. मागच्या गल्लीत भाड्याने राहते, दवाखान्यात आया आहे. नवरा पांडुरंग रोज गाडीने नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये जातो, दीर प्रभाकर घरीच असतो. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, आमच्या घरची वही साऱ्या दुनियेला दाखवली तुम्ही?"

"कुठली वही?"

तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. रील थांबवलेला. पानाच्या कडेला सुईची भोकं ओळीने, आणि एका भोकात लाल दोऱ्याचा तुकडा.

"मिलमधून कागदाचे तुकडे मिळतात, ते मी लाल दोऱ्याने शिवते. या गल्लीत दुसऱ्या कोणाची पोरगी असल्या वहीत लिहिते? जळगावहून नणंदेचा फोन आला. घरात सगळ्यांनी ओळखलं, सगळ्यांनी!"

तिची किरण. दोन वेण्यांची.

"सुमित्रा, पोरगी खरं सांगतेय गं."

"खोटारडी आहे ती!" म्हणाली आणि रडायलाच लागली. "आम्ही तोंड कुठे दाखवायचं आता?" तशीच ड्युटीवर निघून गेली.

मी १०९८ लावला. माणसं भली, चार वाजता दोघीजणी आल्यासुद्धा. मी त्यांना घेऊन गेले. घराला कुलूप. शेजारच्या मथुराबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या.

"किरण कुठेय?" मी विचारलं.

"तिला सकाळच्या गाडीने गावी पाठवली ना. लई रडत होती, माय."

"कुठल्या गावी?"

"ते नाही सांगितलं."

"एकटीच गेली?"

"एकटी कशी जाईल? प्रभाकर घेऊन गेला ना. तिचा काका."

दोघींपैकी लिहून घेणाऱ्या बाईचा पेन थांबला. मी ओट्यावर बसले. मथुराबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मॅडम, रील मस्त होता हो तुमचा. मी पण फॉरवर्ड केला."

आज अकरावा दिवस. पोलिसात तक्रार दिली, नेपानगरच्या लाइनवर चांदनीपर्यंत सगळ्या स्टेशनांवर विचारून झालं. प्रभाकरचा फोन बंद. पांडुरंग म्हणतो, घरातली गोष्ट आहे, तुम्ही पडू नका. सुमित्रा मला पाहिलं की गल्ली बदलते. तेजस्विनीने रील काढून टाकला, पण तो फिरतोच आहे. काल माझ्याच फोनवर परत आला, खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

मी तो पुसत नाही. ती भोकं बघत बसते. पोरीने एकच गोष्ट विचारली होती, आणि मी हो म्हटलं होतं.