चौथ्या ठोक्याची टाळी

चिमट्याच्या टोकावरचा स्क्रू तांदळाच्या कणीहून लहान होता, आणि तो चष्म्याच्या काडीत नीट बसेपर्यंत श्वास सोडायचा नाही हे हातांना सांगावं लागत नव्हतं. वीस वर्षं तेच काम केल्यावर हात मालकिणीला विचारत नाहीत. एक... दोन... तीन... ती मोजत होती. स्क्रू बसवताना मोजायची काही गरज नसते. आणि चारला — चारला बोट जरासं हललं, स्क्रू निसटला, टेबलाच्या कडेवरून खाली गेला, आणि पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"गेला?" काउंटरवरून मालकांनी विचारलं.

"गेला."

"दुसरा घ्या. वाकून शोधत बसाल आणि कंबर धरेल."

तिने डबीतून दुसरा घेतला. आज तीनला निघायचं होतं, तसं सकाळीच सांगून ठेवलं होतं, आणि मालकांनी, "तुम्ही? गाण्याच्या कार्यक्रमाला?" म्हणून चष्म्यावरून पाहिलं होतं. तिथे दोन-दोन तास उभं राहावं लागतं म्हणे, हेही त्यांनी ऐकवलं. "उभंच राहायचंय," ती म्हणाली होती, आणि आपल्या आवाजातला तो ठामपणा ऐकून तिचं तिलाच बरं वाटलं होतं. आज सांगायचं. लेकीला सांगायचं, आणि आत जायच्या आधी, रांगेतच सांगून मोकळं व्हायचं. गेले तीन आठवडे ती हे रोज ठरवत होती, आणि ठरवायला आता उद्या शिल्लक नव्हता.

आज ज्या बँडचा कार्यक्रम होता, त्याच्या एका गाण्याला बँडने ठेवलेलं एक नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. चाहते त्याला 'सातचं' म्हणतात, कारण शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि सात मोजेपर्यंत काहीही वाजत नाही. बावीस वर्षांपूर्वी बँडने आपला एक कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला, आणि त्या सातच्या शांततेत, बरोबर चौथ्या ठोक्याला, पहिल्या रांगेतून एक टाळी आली. एकच. मागून कुणाची साथ नाही. मुद्रण करणाऱ्यांना ती काढता आली नाही की त्यांनी मुद्दाम ठेवली, कोण जाणे; पण ती राहिली, सीडीवर राहिली, सीडी गेल्या आणि फोन आले तरी राहिली. मग कुठल्याशा कार्यक्रमात चारदोन टवाळांनी नेमकी त्याच जागी टाळी वाजवली, पुढच्या वेळी पन्नासांनी, आणि आता तर तो रिवाजच होऊन बसलाय — गाव कुठलंही असो, सातचं सुरू झालं की चौथ्या ठोक्याला सगळं सभागृह मिळून एक टाळी देतं. 'येडीची टाळी' म्हणतात तिला. ती बाईच होती हे या लोकांनी कशावरून धरलं, हा एक प्रश्नच आहे. बरोबर धरलं, ते सोडा.

ती कोण होती, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे मला आहे. ती मी.

स्क्रू बसला. तिने काडी दोनदा उघडून मिटून पाहिली, काचेवरचा आपल्या अंगठ्याचा ठसा पुसला आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या नावाच्या पाकिटात सरकवला.

गाणं संपलं असं वाटलं म्हणून हात उठले — वर्षानुवर्षं ती स्वतःला असंच सांगत आली. नवख्या माणसाची चूक, कुणाचीही होते. पण बसच्या खिडकीशी बसल्यावर, आज, हे पुन्हा सांगायला गेली तर ते ओठांशीच अडलं. नवखी कसली? तो तिचा अकरावा कार्यक्रम होता. सातचं तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी ठोक्यानिशी सांगता आलं असतं. त्या दिवशी ती एकटीच गेली होती, पिवळा स्वेटर, लोखंडी कठड्यावर पोट टेकलेलं, समोर हातभरावर मास्तर — गाणारा पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत — आणि वाद्यं थांबली, आणि मागे श्वास रोखलेली एवढी माणसं, आणि... आवरलं नाही. एवढंच. इतका आनंद झाला होता की तो सात मोजेपर्यंत धरवला नाही. चारलाच सांडला.

शेजारच्या माणसाने तिच्याकडे जे पाहिलं ते तिला अजून जसंच्या तसं दिसतं. मास्तरांनीही मान वर केली होती. रागाने की कशाने, ते तिने पाहिलंच नाही, कारण तोवर तिची मान खाली गेली होती.

आणि त्यानंतर ती कधीही, कुठेही, पहिली टाळी वाजवणारी बाई राहिली नाही. लेकीच्या शाळेतल्या नाटकाला आधी दोन-तीन आयांचे हात वाजू द्यायचे, मग आपले. कुणी विनोद केला तर आधी बाकीच्यांना हसू द्यायचं. मालकांनी नव्या दुकानाचा कारभार कोण बघेल असं सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, तेव्हा तिचा हात मांडीवरून अर्धी वीत उठलाही होता. पण आधी कुणीतरी बोलू दे, म्हणून थांबली. आणि ते कुणीतरी बोललं, आणि नवं दुकान त्याचं झालं. एका टाळीपायी माणसाने एवढं करून घ्यावं? घ्यावं न घ्यावं, मी घेतलं खरं.

पाच वर्षांपूर्वी लेकीला हा बँड आपणहून सापडला. शाळेतून आली तीच कानात गाणं घालून, डोळे लकाकत होते, आणि म्हणाली, "आई, तू ऐकलंयस का गं यांना कधी?" 'हो' म्हणायला काय लागत होतं? पण 'हो'च्या मागोमाग 'कधी' आलं असतं, 'कुठे' आलं असतं. "नाव ऐकलंय," ती म्हणाली. झालं. एवढंसं खोटं, आणि मग पाच वर्षं त्याला रोज खाऊपिऊ घालायचं. घरात सातचं लागलं की तिसऱ्या ठोक्याला ती स्वयंपाकघरातला नळ सोडते, घासायला भांडी असोत नसोत. तिकडे जेवणाच्या टेबलावर चौथ्याला लेकीची थाप पडते आणि इकडे पाणी धो धो वाहत असतं. तिला हात धुवायचा नाद लागलाय, असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

आणि आता बँडचा हा शेवटचा कार्यक्रम. लेक नुकतीच कामाला लागली, पहिल्या पगारात तिने दोन तिकिटं काढली. "तुला एकदा तरी दाखवायचंय," म्हणाली. आईला. दाखवायचंय. न सांगता गेलं तर बाराशे माणसांच्या बरोबरीने स्वतःचीच टिंगल करायला हात उचलायचा, तोही लेकीने शिकवल्याबरहुकूम. आणि सांगितलं तर — येडी म्हणून हसली तर हसू दे, पण पाच वर्षं माझ्याशी खोटं बोललीस असं म्हणाली तर? आणि बरोबरच म्हणेल ती.

सभागृह तेच होतं. दारं नवी, भिंतींना रंग नवा, पण पायऱ्यांच्या कडा तशाच झिजलेल्या. रांगेत लेक तिची वाटच पाहत होती.

"आलीस! ऐक, बाटली आत नेऊ देत नाहीत. इथेच पिऊन घे. पण थोडंच. मधे जायची वेळ आली तर जागा गेली म्हणून समज."

"बरं."

"आणि सातचं लागलं की—"

"चौथ्याला."

"चौथ्याला. आधी नाही, नंतर नाही. भलतीकडे वाजवलीस ना, तर मी तुला ओळखत नाही, सांगून ठेवते."

लेक हसली, तीही हसली. आता, ती मनाशी म्हणाली. आता सांग. तिने घसा खाकरला, आणि तेवढ्यात पुढचा टक्कल पडलेला माणूस वळला. अंगात बावीस वर्षांपूर्वीच्या त्याच कार्यक्रमाचा टी-शर्ट, पोटावर ताणलेला.

"येडीची टाळी ना?" तो लेकीला म्हणाला. "मी होतो त्या दिवशी."

"काय सांगता काका! तुम्ही ऐकली?"

"ऐकली? अगं, माझ्या शेजारीच उभी होती ती. चांगली उंच बाई. पिऊन तर्र. सगळं गाणंभर बडबडत होती, आणि मधेच दिली ठेवून."

लेकीने तोंडावर हात घेतला. एवढी खूश ती फार दिवसांत दिसली नव्हती. आणि आपण — आपण पाच फुटांच्या, उभ्या जन्मात कधी थेंब न घेतलेल्या, त्या दिवशी दोन तासांत एक शब्द न बोललेल्या — आपण हे ऐकून घ्यायचं?

"प्यालेली नव्हती," ती म्हणाली.

माणसाने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय ठाऊक?"

सगळं तयार होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. "नसेल," ती म्हणाली. "असं मला वाटतं."

"आई, ते होते तिथे," लेक हळूच म्हणाली, नवख्या माणसाला समजवावं तशी. रांग पुढे सरकली. माझी गोष्ट माझ्यासमोर भलताच माणूस माझ्या लेकीला सांगतो आणि मी 'असं मला वाटतं' म्हणते... तिने वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दुहेरी गाठ मारून पुन्हा बांधल्या. गर्दीत जायचं तर नाडी सुटून चालत नाही. आत, असं तिने ठरवलं. आत तर आत, पण सातच्या आधी.

दारातून आत गेल्यावर लेक उजवीकडे निघाली, तर तिने तिचं मनगट धरलं. "तिकडे नको, स्पीकरचा मारा सोसवणार नाही. डावीकडच्या खांबाशी चल, तिथून मास्तरांचे हात दिसतात." लेक आली खरी, पण चार पावलं आईकडे बघत आली.

"तुला कसं माहीत?"

दिवे गेले. उत्तर द्यायची वेळ आली की दिवे जातात, हे नशीबही तिचंच.

पहिला ठोका छातीत बसला आणि बावीस वर्षं कुठे गेली ते कळलं नाही. मास्तरांचे केस पांढरे झाले होते, आवाज जरा खाली उतरला होता, वरच्या जागा ते लोकांवर सोडून देत होते आणि लोक त्या घेत होते. तिचे ओठ हलत होते. सगळी गाणी पाठ होती, लेकीला ठाऊक नसलेली जुनी दोनसुद्धा, आणि त्या दोन गाण्यांत लेक समोर बघायची सोडून तिच्याकडे बघत होती. तिने ओठ मिटले नाहीत. मिटायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

मग मास्तरांनी गिटारचा पट्टा सारखा केला आणि माईकपाशी आले. "आता सातचं," ते म्हणाले, आणि सभागृह ओरडलं, आणि त्यांनी हात वर करून ते थांबवलं. "एक मागणं आहे. आज मधे टाळी नको. ती जागा किती वर्षांत रिकामी ऐकलेली नाही. आज एकदा ऐकू दे."

"अरे देवा," लेक पुटपुटली. रांगेतल्यासारखेच इथेही पुढे उभे असलेल्या टकलूकाकांनी मान हलवली.

तिला वाटलं, सुटले. हात उचलायला नको, टिंगल नको, आता सांगायचीही गरज नाही. ज्या गोष्टीसाठी सांगायचं ती गोष्टच आज होणार नाही. गाणं सुरू झालं होतं. हा सुटकेचा निःश्वास तिने ओळखला — नव्या दुकानासाठी दुसरा कुणी बोलला तेव्हाही असाच सुटला होता — आणि तिला त्याचा संताप आला. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. वाद्यं थांबली.

एक. बाराशे माणसं, आणि छतातल्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

दोन. लेकीने दोन्ही हातांच्या मुठी छातीशी घट्ट धरल्या होत्या. टाळी येऊ नये म्हणून ती आपलेच हात दाबून उभी होती, आणि चेहऱ्यावर... तो चेहरा तिने कधी बाहेरून पाहिलेला नव्हता. कठड्याला पोट टेकून उभ्या राहिलेल्या मुलीचा असाच असणार.

तीन. हाताशी नळ नव्हता.

चार.

काही आलं नाही. बावीस वर्षं जिथे ती टाळी होती, तिथे काहीच नव्हतं. बरं वाटेल अशी तिची समजूत होती, पण वाटलं ते भलतंच — घरातली आपली रोजची वस्तू कुणी न विचारता उचलून नेल्यासारखं. अहो, ती जागा माझी आहे. चेष्टा तुम्ही केलीत, रिवाज तुम्ही पाडलात, आज बंदही तुम्हीच केलात. वाजवली होती मी.

पाच.

"ती मी होते," ती म्हणाली. लेकीच्या कानाशी कुजबुजायला गेली होती, पण त्या शांततेत कुजबुज कुठली. आवाज खणखणीत बाहेर आला. "ती टाळी माझी होती. आणि मी प्यायले नव्हते."

चार रांगांपर्यंत माना वळल्या. टकलूकाका वळले. कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये हेही गेलंच असणार, आणि उद्या लोक ऐकतील: चौथा ठोका रिकामा, आणि पाचव्याला एका बाईचा आवाज. पुन्हा त्याच बाईने शांतता मोडली. पुन्हा मीच!

लेक तिच्याकडे बघत होती. मुठी तशाच होत्या, तोंड जरासं उघडलं होतं, आणि त्या चेहऱ्यावर आता काय येणार — हसू, राग, पाच वर्षांचा हिशेब — ते अजून ठरलेलं नव्हतं. काय येईल ते येऊ दे. ती पाहत राहिली. या वेळी मान खाली जायची वाट तिने पाहिली, तर ती गेली नाही.

सहा.

मास्तरांनी डोळे उघडले होते आणि ते खांबाच्या दिशेने बघत होते. अजून एक ठोका होता, मग शेवटचं कडवं, मग गाणं संपणार. आणि संपल्यावर पहिली टाळी कुणाची, हे तिचं ठरलं होतं. तिने बोटं मोकळी केली. हात तयार होते, आणि त्यांनी मालकिणीला विचारलं नव्हतं.