फर्गसचं इंग्रजी

"अण्णा, तुम्ही याला पार मराठी करून टाकलंत!" अनिल चढणीवरच्या खडकावर टेकला आणि हसत सुटला.

राजारामअण्णा हसले नाहीत. फर्गस त्यांच्या पायाशी येऊन बसला होता.

फर्गस शेजारच्या ग्रॅहमचा. काळापांढरा, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. ग्रॅहम मूळचा स्कॉटलंडच्या डोंगरांतला. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावाजवळचा हा डोंगर दाखवून म्हणायचा, "आमच्याकडे असल्याला उंचवटा म्हणतात." त्याचे गुडघे गेले, तेव्हापासून तीन वर्षं अण्णाच फर्गसला रोज इथं आणत. सून आणि मुलगा अनिल कामावर गेले की दिवसभरात अण्णा बोलत ते फर्गसशीच. चल गड्या. ये रे. थांब. फर्गस हळूहळू इंग्रजी हाका विसरला.

चौऱ्याऐंशीच्या त्या ऑक्टोबरात ग्रॅहम कायमचा स्कॉटलंडला भावाकडे परत निघाला. तिकडे परदेशातून आलेल्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवतात. म्हाताऱ्या फर्गसला ते सोसलं नसतं. डोंगराच्या माथ्यापलीकडे ग्रॅहमच्या पुतणीचा मेंढ्यांचा फार्म होता. तिनं आठवडाभर ठेवून त्याला परत पाठवलं. "हाक ऐकत नाही. ट्रकखाली जायचा. रविवारपर्यंत ऐकायला लागला तर ठेवीन, नाहीतर बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये." अनिलच्या अपार्टमेंटमध्ये कुत्रा चालत नव्हता.

"तुम्हीच शिकवा अण्णा, त्याला तुमचा आवाज कळतो. म्हणा, कम हिअर."

"कम हियर," अण्णा म्हणाले.

फर्गसनं वळून मागं पाहिलं.

"बघ, कोण साहेब आला ते बघतोय," अण्णा पुटपुटले.

मग त्यांनी युक्ती केली. आधी 'ये रे' म्हणायचं, लगेच 'कम'. हळूहळू 'ये रे' गाळून टाकायचं. शनिवारपर्यंत 'कम' जमलं. 'स्टे' मात्र जमेना. अण्णा पुढे निघाले की फर्गस उठून मागं हजर.

"थांब कळतं ना त्याला? मग स्टे का नाही?" अनिल वैतागला.

अण्णांनी फर्गसच्या मानेवर हात ठेवला. "थांब म्हणजे आपण दोघं थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याला ठेवून मी गेलोच नाही कधी."

रविवारी माथ्यावर वारा सुटला होता. खालचं खोरं धुक्यात बुडालं होतं. पुतणी कुंपणाशी उभी होती. तिनं हाक मारली, "कम, फर्गस." फर्गसनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तोंड फिरवलं, तेव्हा तो गेला.

"स्टे," ती म्हणाली.

अण्णा उतरू लागले. वाटेवर वाळका पाला होता. मागून पाला वाजतो का, ते ऐकत ते चालत राहिले. वळणापाशी अनिलनं मागं पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"अण्णा, बसलाय तो! खरंच बसलाय!"

"हळू," अण्णा म्हणाले. "मराठी कानावर पडलं तर उठेल."

मग डांबरी रस्ता लागेपर्यंत बापलेक एक शब्द बोलले नाहीत.